पुढची गाडी कधी? वर्षभराच्या भटकंतीत काय किती आधी बुक करायचं

माझे थोरले काका एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी डिग्री हातात आली, नोकरी पुढच्या जूनपासून ठरली आणि मधले अकरा महिने सॅक पाठीला लावून देश फिरायचं मी पक्कं केलं. तेव्हा घरच्यांना धीर यावा म्हणून मी एक एक्सेल शीट केलं होतं. चौऱ्याहत्तर ओळी. कुठल्या तारखेला कुठे, कुठल्या हॉस्टेलात, कुठल्या गाडीने. आईला ते फार आवडलं. काकांनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही चुकली तर पुढची कधी?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तेही माहीत नव्हतं.

"किती दिवस आधी बुक करू?" हा मला आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. पुढची गाडी दहा मिनिटांनी असेल तर बुकिंग करूच नका. पुढची गाडी उद्या असेल तर दोन-चार दिवस आधी करा. पुढची गाडीच नसेल तर बुकिंग उघडेल त्या दिवशी, त्या मिनिटाला करा. हाच नियम खोलीला, विमानाला, परवान्याला लावायचा. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

आधी मोसम, मग तारखा

बुकिंगच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर फक्त महिने लिहा. वर्षभराच्या प्रवासात तारीख चुकली तर फार बिघडत नाही, मोसम चुकला तर सगळंच बिघडतं. माझा कागद असा होता: जुलै-ऑगस्ट लडाख, कारण तो पर्जन्यछायेत येतो. सप्टेंबर स्पिती. ऑक्टोबर किन्नौर आणि उत्तराखंड. नोव्हेंबर वाराणसी. डिसेंबर ईशान्य भारत. जानेवारी-फेब्रुवारी तमिळनाडू, केरळ, अंदमान. मार्चच्या सुरुवातीला हंपी, ऊन चढायच्या आत. मग एप्रिल-मेमध्ये दार्जिलिंग आणि सिक्कीम.

या कागदावर जे हलणार नाही त्याला लाल गोल करा. माझ्याकडे पाच गोल झाले: लेहचं विमान, वाराणसीची कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी, नागालँडचा हॉर्नबिल उत्सव (तो दरवर्षी १ ते १० डिसेंबर असतो), अंदमानचं विमान आणि मे महिन्यातली परतीची गाडी. अकरा महिन्यांत फक्त पाच. माझी चौऱ्याहत्तर ओळींची मेहनत तिथेच कचऱ्यात गेली.

रेल्वे: इथे मात्र घड्याळ लावून

आपल्याकडे भटकंतीचा कणा म्हणजे रेल्वे, आणि लांबच्या गाड्यांच्या बाबतीत पुढची गाडी बहुतेकदा नसतेच. म्हणजे गाडी असते, जागा नसते.

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. भटक्यांसाठी हे बरंच झालं, कारण चार महिन्यांनी आपण कुठे असू हे कोणाला माहीत असतं? या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १२ ऑक्टोबरची गाडी १३ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडते. बोटं मोजत बसू नका, फोनच्या कॅलेंडरमध्ये सरळ ६० दिवस मागे जा.

यात एक बारकावा आहे, तो माहीत असला तर एक दिवस पदरात पडतो. हे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. मुंबईहून १० तारखेला सुटलेली गाडी तुमच्या स्टेशनवर ११ला पहाटे येत असेल, तर तुमचंही तिकीट १० तारखेच्या हिशेबाने, म्हणजे एक दिवस आधीच उघडतं. मी एकदा ११ धरून बसले होते. सकाळी ८ला लॉगिन केलं, तर वेटिंग आदल्या दिवसापासूनच लागलेलं.

वेटिंगचं तिकीट घ्यायचं की नाही, हे ते कुठल्या कोट्यातलं आहे त्यावर ठरवा. जीएनडब्ल्यूएल असेल, म्हणजे गाडी सुटते तिथल्या मोठ्या कोट्यातलं, तर हलण्याची आशा बरी. पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असेल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यातलं, तर फारसा जीव लावू नका. अशा वेळी गाडी सुटते त्या स्टेशनापासूनचं तिकीट काढून बोर्डिंग आपल्या स्टेशनचं टाकायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण मोठ्या कोट्यात बसता येतं. आरएसी मिळालं तर बिनधास्त घ्या. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी अर्धं अर्धं बसायचं, रात्र जरा अवघड जाते, पण गाडीत तर असतो. वेटिंगचं तिकीट मात्र चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं, तर त्यावर स्लीपरमध्ये चढण्याचे दिवस गेले. ऑनलाइन काढलेलं असेल तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात.

आता तत्काळ. "बघू, तत्काळ काढू" हे वाक्य पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे. गाडी सुटायच्या आदल्या दिवशी एसीचं तत्काळ १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं. जुलै २०२५पासून त्याला आधार-पडताळणी झालेलं खातं लागतं आणि फोनवर ओटीपी येतो. साध्या आरक्षणातही बुकिंग उघडल्यावर सुरुवातीचा वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखलेला असतो. तेव्हा खातं घरूनच आधारला जोडून घ्या.

आणि त्या ओटीपीचं काय होतं ते ऐका. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. लेहला उतरल्यावर माझा फोन नुसता कॅमेरा उरला. हॉस्टेलच्या वायफायवर साइट उघडायची, पण ओटीपी यायला रेंज कुठून आणणार? बँकेचाही ओटीपी नाही. शेवटी मिरजेहून भावाने त्याच्या खात्यावरून माझं तिकीट काढलं आणि महिनाभर ते ऐकवलं. निघायच्या पंधरा दिवस आधी सिम पोस्टपेड करून घ्या. या लेखातलं हे सगळ्यात आधी करायचं बुकिंग समजा.

दोन खास गोष्टी. मेट्टुपालयम ते उटीच्या डोंगरी गाडीला डबे मोजके असतात. तिथे ६०व्या दिवशीच हात मारायचा, नाहीतर उटीला बसने जायचं. आणि गणपतीच्या आसपास कोकण रेल्वेने गोव्याकडे उतरायचा बेत करत असाल तर करू नका. मुंबईच्या चाकरमान्यांच्या रांगेत भटक्याने घुसू नये, आणि घुसूनही जागा मिळणार नाही.

ज्यांना गोल फेरीच मारायची आहे त्यांनी मोठ्या स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात चक्राकार प्रवास तिकिटाची चौकशी करावी. एकच लांबलचक तिकीट, लांब पल्ल्याच्या दराने, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायची मुभा. पण मार्ग आधीच ठरवावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. मी विचार करून सोडून दिलं. ज्यांचा मार्ग हलणार नाही त्यांच्यासाठी ते चांगलं आहे.

बस आणि डोंगर: आधी काही करू नका

किन्नौरमधल्या रेकाँग पिओच्या स्टँडवर सकाळी स्पितीतल्या काझाची बस लागते. हिमाचल परिवहनची, साधी, तीन-दोन आसनांची. मी आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन विचारलं तर आतले गृहस्थ म्हणाले, सुबह आना. सकाळी अंधारातच गेले. खिडकीपाशी चार माणसं, एक बोचकं आणि कोंबड्यांची एक टोपली. खिडकी उघडली, तिकीट मिळालं. बस भरली तेव्हा निम्मी माणसं गावची होती आणि त्यांतल्या कोणीही काही बुक केलेलं नव्हतं. दिवसभराचा रस्ता, एका बाजूला सतलज आणि मग स्पिती नदी. खिडकीची जागा मिळाली ती केवळ लवकर गेल्यामुळे.

डोंगरात हेच चालतं. जिथे जायचं तिथे आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन पहिल्या बसची वेळ विचारायची. शेअर सुमो असेल तर ड्रायव्हरला नंबर द्यायचा. बस्स.

आणि डोंगरात पुढचं बुक का करू नये, याची फी मी भरली आहे. ऑगस्टमध्ये मी लेहहून मनालीला उतरले. पुढे धरमशाळेला पाच रात्री एका हॉस्टेलात आणि नंतर जवळच्या गावात तीन रात्री, असं आधीच बुक करून ठेवलं होतं. रद्द न होणारा दर चारशे रुपयांनी स्वस्त पडत होता म्हणून तोच घेतला होता. पाऊस लागला, कुल्लूच्या खालचा रस्ता खचला. चार दिवस मनालीत खिडकीतून ढग बघत बसले. धरमशाळेच्या हॉस्टेलला फोन केला, ते म्हणाले, आमच्याकडे रस्ता चालू आहे. पैसे गेले ४,२००. चारशे वाचवायला गेले होते.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळल्या. पावसाळ्यात डोंगरात पुढचं काहीच बुक नाही. रद्द करता येणार नाही असा दर फक्त लाल गोलांना. आणि डोंगरातून उतरून लांबची गाडी किंवा विमान पकडायचं असेल तर मध्ये दोन मोकळे दिवस. मनाली-काझा रस्त्यावरची कुंझुम खिंड बर्फ पडला की बंद होते आणि मे-जूनपर्यंत उघडत नाही. ऑक्टोबरात मनालीमार्गे परतायचं ठरवत असाल तर किन्नौरमार्गे परतायचीही तयारी ठेवा.

लेहबद्दल वेगळं. ते साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस काहीही बुक करू नका, पँगाँगची गाडी तर नाहीच. डोकं दुखतं, जेवण जात नाही, आणि आपण टॅक्सीचे पैसे भरलेत म्हणून माणूस उगाच उठून जातो.

मुक्काम: पहिल्या दोन रात्री

नव्या गावात पोचायच्या आधी दोन रात्रींचा मुक्काम ठरलेला असावा, त्याहून जास्त नाही. मी एकटी मुलगी फिरत होते, त्यामुळे रात्री आठनंतर पोचणार असेन तर मुक्काम आधीच बुक, हा नियम मी एकदाही मोडला नाही. दिवसा पोचणार असाल तर नुसतं फोनवर बोलून ठेवलं तरी चालतं. दोन रात्रींत जागा आवडली तर तिथेच थेट मालकाशी बोलून आठवडा वाढवायचा. ॲपच्या दरापेक्षा बहुतेक वेळा कमी पडतो. नाही आवडली तर सॅक उचलायची.

दोन रात्रीच का? कारण फोटोवरून कळत नाही की हॉस्टेलच्या खाली रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात. आणि गॅपमध्ये, म्हणजे अशा मोकळ्या वर्षात, लोक भेटतात. हंपीत भेटलेली दोघं जण दुसऱ्या दिवशी बदामीला निघाली होती. माझ्या खोलीचे पुढचे पाच दिवस भरलेले असते तर मी गेले नसते.

हंपीवरून आठवलं. जुन्या लेखांत नदीपलीकडच्या "हिप्पी आयलंड"वर, म्हणजे विरुपापूर गड्डीवर, राहा असं अजून लिहिलेलं असतं. तिथली बांधकामं २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाडली गेली. आता लोक आणेगुंदी, सानापूरकडे राहतात. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने होसपेटला उतरलात तर तिथून बस-रिक्षा दिवसभर असतात. बुकिंगची गरज फक्त त्या गाडीला.

एक छोटी अडचण सांगून ठेवते. बरीच बॅकपॅकर हॉस्टेलं त्याच शहराचा पत्ता असलेलं आधार कार्ड घेत नाहीत. पुण्याची असून पुण्यात हॉस्टेल बुक केलं तर दारातून परत पाठवतील. नोंदणी करतानाच ही अट वाचा. माझ्या मैत्रिणीने वाचली नव्हती.

जिथे गावात खोल्याच मोजक्या, तिथे ॲपवर शोधत बसू नका. मेघालयात नाँगरियाटला मुळांचा दुमजली पूल बघायला तीन हजारांवर पायऱ्या उतरून जावं लागतं आणि राहायला गावातल्या घरगुती सोयी आहेत. तिथे सोहराहून, म्हणजे चेरापुंजीहून, आदल्या दिवशी फोन केला, पुरला. ख्रिसमसच्या सुट्टीत मात्र आठवडाभर आधी करा.

उत्सव: इथे सगळे नियम उलटे

उत्सवाचं गाव त्या चार दिवसांत वेगळंच गाव असतं. एरवी पाचशे रुपयांत मिळणारी खाट तिप्पट होते आणि तरी मिळत नाही. देवदिवाळीला वाराणसी, कार्तिकातल्या मेळ्याला पुष्कर, होळीला मथुरा-वृंदावन, वर्षअखेरीला गोवा आणि गोकर्ण. यांच्यासाठी मुक्काम दोन-तीन महिने आधी, रद्द करता येईल अशा दराने. गाडीचं तिकीट ६०व्या दिवशी. आधी मुक्काम मिळतोय का ते बघा आणि मगच गाडी, कारण उत्सवाच्या गावी गाडीने पोचता येतं, झोपता येत नाही.

हॉर्नबिलच्या बाबतीत मी झोपले. उत्सव भरतो तो किसामात, कोहिमापासून दहा-बारा किलोमीटरवर. गाडीचं तिकीट सप्टेंबरअखेर काझातून रेंज शोधत शोधत काढलं, स्वतःवर फार खूश झाले, आणि खोलीसाठी फोन केला तो ऑक्टोबरच्या शेवटी. कोहिमात सात ठिकाणी नकार. आठव्या बाईंनी त्यांच्या मावसबहिणीचा नंबर दिला, किग्वेमा गावातला. तिथे स्वयंपाकघराशेजारची खोली मिळाली, चुलीच्या धुराने सगळे कपडे आजही वास मारतात. उत्सवाला पायी जाता यायचं, रात्री शेकोटीशी बसून घरच्यांबरोबर जेवायला मिळायचं, कोहिमातल्या हॉटेलपेक्षा बरंच झालं. पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. जुलै-ऑगस्टमध्येच फोन करा.

परवाने

अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं. आसाम, मेघालय, त्रिपुराला लागत नाही. परमिटवर तारखा असतात, म्हणून दोन महिने आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. आठ-दहा दिवस आधी अर्ज करा आणि तारखा थोड्या सैल मागा. उत्तर सिक्कीमचं परमिट नोंदणीकृत एजंटमार्फत निघतं, ते गंगटोकला पोचल्यावर करा. तिथे पाच-सहा भटके मिळून गाडी करतात, आधी एकट्याने बुक केलं तर संपूर्ण गाडीचा खर्च अंगावर येतो. पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

केदारनाथ-बद्रीनाथला यात्रेची नोंदणी आधी करावी लागते. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. फुलांसाठी जुलै-ऑगस्ट आणि रस्त्यांसाठी सप्टेंबर, तुम्ही ठरवा.

विमान

लेह आणि अंदमान दोन-अडीच महिने आधी, बाकी देशातलं साधारण महिनाभर आधी. अंदमानला श्री विजयपुरमच्या, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरच्या विमानाबरोबरच हॅवलॉकच्या खासगी बोटीचं तिकीट काढा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच राहा. समुद्र खवळला की बोटी सुटत नाहीत. देशाबाहेर जाणार असाल तर नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसतं आधार घेऊन विमानतळावर जाऊ नका.

रविवारचा एक तास

रोज बुकिंगचा विचार केला तर प्रवास राहतो बाजूला आणि माणूस प्रवासी कंपनीचा कारकून होतो. मी दर रविवारी एक तास ठेवला होता, चांगली रेंज असलेल्या जागी, शक्यतो चहाच्या टपरीवर. त्यात चारच कामं. पुढच्या आठ दिवसांत कुठे पोचणार, तिथल्या पहिल्या दोन रात्री. पुढच्या आठवड्यात कुठल्या लाल गोलाचा ६०वा दिवस येतोय का. तो आला त्या दिवशी आपण रेंजमध्ये असू का, नसू तर घरी कोणाला सांगायचं. आणि अडकलेले पैसे किती. शेवटचं महत्त्वाचं. बुकिंगमध्ये एका वेळी दहा हजारांहून जास्त अडकू द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. अंदमानच्या वेळी मोडलं, बाकी पाळलं.

माझी एक मावशी नर्मदा परिक्रमेला गेली होती, काही महिने पायी, एकही बुकिंग नाही. ती मला हसते. पण परिक्रमेत आश्रम असतात, सदावर्त असतं, किनाऱ्यावरच्या गावांना "नर्मदे हर" म्हणत येणारा माणूस दारात उभा राहणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. तिच्यासाठी पुढची गाडी दर पाच किलोमीटरवर होती. कोहिमात आठव्या फोनवर मला तिची फार आठवण झाली.

परतीचं तिकीट

हे सगळे विसरतात. गॅप संपतो तो बहुधा मे-जूनमध्ये, आणि तेव्हा शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, अख्खा देश गाडीत. १५ मेच्या आसपास दार्जिलिंग-सिक्कीमच्या पायथ्याच्या न्यू जलपाईगुडीहून मुंबईला यायचं असेल तर मार्चच्या मध्यात तिकीट उघडतं. मी त्या दिवशी हंपीत होते. ८ला बसले, ८ वाजून ३ मिनिटांनी आरएसी मिळालं. दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून एक नंतर रद्द करायचा मोह होतो. स्लीपरला शे-सव्वाशे रुपयेच जातात, तेवढे घालवायला हरकत नाही, पण रद्द लवकर करा, दुसरं कोणीतरी वेटिंगवर आहे. माझं आरएसी प्रवासाच्या तीन दिवस आधी कन्फर्म झालं, वरचा बर्थ. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, कल्याणला उतर, तिथून मिरजेची गाडी बघ. ती मी आधीच बघून ठेवली होती.